जुन्या वायझेडचा मागचा शॉकअप तिसऱ्यांदा गळतोय, सील बदलून भागत नाही

रानवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००६ ची यामाहा वायझेड २५० एफ ही मोटोक्रॉस बाइक आहे, ॲल्युमिनियम फ्रेमचं पहिलं वर्ष. चार वर्षांपूर्वी रेसिंग सोडलेल्या एका मित्राकडून घेतली. पासिंग नाही, रस्त्यावर चालवत नाही. महिन्यातून दोनदा छोट्या हत्तीत चढवून मुरबाडच्या पुढे ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या माळावर नेतो आणि तिथेच फिरवतो. राहायला कासारवडवलीला आहे. येऊर हाकेवर आहे, पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे गाडी नेण्याचा विचारही करत नाही.

आता दुखणं सांगतो. मागचा शॉकअप कायाबाचा आहे. वर्षभरात दोनदा सील बदललं. पहिलं दोन महिने टिकलं, दुसरं जेमतेम पाच राइड. आता तिसऱ्यांदा शाफ्टवरून तेल ओघळतंय. गाडी खड्ड्यात बसते ती बसते, पण परत येताना मागचं चाक एकदम उसळतं. लागोपाठ उंचवटे आले की तिसऱ्या-चौथ्याला मागची बाजू आपल्या हातात राहत नाही. रिबाउंडचा, म्हणजे शॉकच्या परतीचा वेग ठरवणारा, स्क्रू पूर्ण आत फिरवला तरी काही फरक नाही.

ज्यांच्याकडे काम करून घेतलं ते म्हणतात, दुसरा शॉक बघा, याच्यात आता राम नाही. मला हाच नीट करायचाय, आणि शक्य तेवढं स्वतःच्या हाताने. वाइस आहे, टॉर्क पाना आहे, कंपनीच्या मॅन्युअलची प्रत आहे. सुरुवात कुठून करू?

घोडबंदरचा वारा

सील राहू द्या बाजूला. शाफ्टवरचं बंप रबर खाली सरकवा, शाफ्ट रॉकेलने पुसा आणि अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत चारी बाजूंनी फिरवा. नख कुठे अडकतं ते इथे सांगा, पुढचं मग बोलू.

रानवाट

काल रात्री शॉक काढला. सबफ्रेम एअरबॉक्ससकट मागून सोडवली की वाट मोकळी होते. सकाळी खिडकीतल्या उजेडात शाफ्ट पुसून बघितला. लांबून आरशासारखा दिसतो. नख फिरवलं तर बंप रबराच्या वरच्या काठापासून दीडेक इंचावर दोन ठिकाणी अडकलं. भिंग लावलं तेव्हा दिसलं, खसखशीच्या दाण्याएवढे दोन काळे खड्डे, आणि त्यांच्या कडेला क्रोमचा पापुद्रा उचललेला. रबराच्या आत मातीची ओली लगदी होती, वाळून कडा घट्ट धरलेली. मागच्या मालकापासूनची असावी. त्यात माझे चार पावसाळे बाल्कनीत, ताडपत्रीखाली.

वागळेतला टर्नर

मिळालं की मग. तुमचं सील खराब नव्हतंच, ते बिचारं कापलं जात होतं. तो खड्डा दर मोठ्या गचक्याला सीलच्या ओठावरून जातो आणि येतो. पापुद्र्याची कडा वस्तऱ्यासारखी असते. जपानी सील घाला नाहीतर सोन्याचं घाला, पाच राइडच टिकणार. वागळे इस्टेटला माझं लेथ आणि ग्राइंडिंगचं काम आहे, हायड्रॉलिकचे रॉड रोज हातातून जातात. दहातले सात रॉड असेच येतात: सील तीनदा बदललेलं, रॉडकडे मात्र कुणी बघितलेलं नाही.

एमरी पेपर मारून भागेल का, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. बारीक आडवा ओरखडा असेल आणि नख जेमतेम जाणवत असेल, तर बाराशे-दोन हजारच्या ओल्या पेपरने कड मोडता येते. तुमच्यासारखा खड्डा नाही. त्याच्या तळाशी गंज आहे आणि गंज क्रोमच्या खालून पसरतो. आज घासाल, पुढच्या पावसाळ्यात शेजारचा पापुद्रा उठेल.

योग्य काम असं. जुना क्रोम उतरवायचा, खड्डे जाईपर्यंत शाफ्ट ग्राइंड करायचा, नवा हार्ड क्रोम मापापेक्षा जास्त चढवायचा आणि परत ग्राइंड करून मूळ व्यासावर आणायचा. शेवटी पॉलिश. मूळ व्यास मायक्रोमीटरने आत्ताच घ्या. घ्यायचा तो शाफ्टच्या वरच्या भागात, जिथे झीज नाही. तीन ठिकाणी घ्या आणि कागदावर लिहून त्यांच्याकडे द्या. तोंडी सांगितलेलं माप दुकानात हरवतं.

आणखी एक, हे विचारल्याशिवाय काम देऊ नका: क्रोम चढवल्यावर बेकिंग करता का? हार्ड क्रोमच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताकदीचं पोलाद त्याने ठिसूळ होतं. टाकीतून काढल्यावर लगेच १९०-२०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवलं की तो निघतो. शाफ्टवर तुमचं सगळं वजन उडी मारून येतं, हे काम टाळू नका. रबाळे एमआयडीसीत आणि वागळेला दोन्हीकडे ही कामं होतात. तयार होऊन आल्यावर शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावा, वाकडा नाही ना बघा. वाकडा असेल तर आधीचा सगळा खर्च पाण्यात.

नेरुळचा इम्पल्स

मध्येच विचारतो, माफ करा. माझी हिरो इम्पल्स २०१२ ची आहे. तिचा मागचा शॉक असाच उघडता येईल का?

घोडबंदरचा वारा

ज्या शॉकला गॅसचा व्हॉल्व्ह आहे आणि तोंडाशी सर्क्लिप (खोबणीत बसणारी तारेची कडी) आहे, तो उघडण्यासाठी बनवलेला असतो. तोंड प्रेसमध्ये दाबून बंद केलेलं असेल तर तो उघडण्यासाठी बनवलेला नाही. काहीजण कापून, व्हॉल्व्ह वेल्ड करून तो भरतात. आत दाब असलेल्या नळकांड्याला वेल्डिंग करणं मी माझ्या गाडीला तरी करणार नाही. तुम्हीही करू नका, असं मनापासून सांगतो.

तुर्भ्याचा जुना रेसर

रानवाट, शाफ्ट क्रोमला द्यायचा म्हणजे शॉक पूर्ण उघडावा लागणार. तेव्हा क्रम नीट ऐक. तुला 'तू' म्हणतो, वयाने मोठा आहे.

उघडण्याआधी तीन गोष्टी लिही. रिबाउंडचा स्क्रू पूर्ण आत फिरवताना किती क्लिक झाले. कॉम्प्रेशनचे, म्हणजे शॉक दबतानाच्या विरोधाचे, दोन्ही, हाय स्पीड आणि लो स्पीड, तसेच. आणि स्प्रिंगची बसवलेली लांबी, पट्टीने मोजून. हे आकडे नसले की गाडी परत पहिल्यासारखी करायला सहा महिने जातात.

मग गॅस, म्हणजे आत दाबाने भरलेला नायट्रोजन. रिझर्व्हॉयरच्या (शॉकला जोडलेल्या छोट्या टाकीच्या) टोपीवरचा व्हॉल्व्ह तोंडापासून लांब धर, चष्मा घाल, हळूहळू सोड. आवाज थांबल्यावर पिन परत दाब. दाब पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय कुठलीही सर्क्लिप काढायची नाही. ह्यात घाई केलेल्या माणसाच्या कपाळावरची खूण मी जवळून बघितली आहे.

व्हॉल्व्ह सुटल्यावर ब्लॅडरची (गॅस धरणाऱ्या रबरी पिशवीची) टोपी आत ढकल, सर्क्लिप काढ, टोपी ब्लॅडरसकट ओढून घे. खालच्या बाजूला डस्ट कॅप उचल, सील हेड (सील बसवलेलं झाकण) थोडं आत दाब, खोबणीतली सर्क्लिप काढ आणि शाफ्ट सरळ वर ओढ. सर्क्लिपच्या खोबणीला बर (धारदार कड) आला असेल तर आधी तो काढ, नाहीतर नवं सील हेड बसवताना त्याचाच ओठ कापला जातो.

पिस्टनवरचं नट ठेचलेलं असतं, आपोआप सुटू नये म्हणून. ते ठेचलेलं बारीक कानसेने काढ. आटे खराब केलेस तर शाफ्टच गेला. नट सुटलं की एका जाड तारेवर सगळं एकाखाली एक ओव. नटाच्या बाजूच्या शिमा रिबाउंडच्या, पिस्टनच्या खाली सील हेडकडच्या कॉम्प्रेशनच्या. तेलाची वाट अडवणाऱ्या एक दशांश मिलिमीटर जाडीच्या चकत्या आहेत त्या, तेलाने एकमेकींना चिकटतात आणि दोन एकच वाटतात. मोज, फोटो काढ, उलटसुलट होऊ देऊ नकोस.

आणि लिंकेज, म्हणजे शॉकला मागच्या चिमट्याशी जोडणारे दांडे, बघ. हे सगळेच विसरतात.

रानवाट

दादा, लिंकेजचं काय बघू?

तुर्भ्याचा जुना रेसर

मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बोल्ट आणि लिंकेजचे तिन्ही सांधे सोडव. आतले नीडल बेअरिंग हाताने फिरव. यामाहाने १९७५ च्या वायझेडवर मोनोशॉक आणला तेव्हा हे दांडे नव्हते, ते पुढे आले. त्यांच्यामुळे गाडी सुरुवातीला मऊ बसते आणि शेवटी कडक होते, पण चिखलाच्या पहिल्या माऱ्यात तेच असतात. एक सांधा जाम झाला की शॉक सरळ रेषेत दबत नाही, शाफ्टवर बाजूने जोर येतो आणि शाफ्टला सरळ धरणारा बुश एका अंगाने झिजतो. तो झिजला की शाफ्ट हलतो आणि सील पुन्हा गळतं. तुझा बुश काढशील तेव्हा बघ, झीज सगळीकडे सारखी आहे की एकाच बाजूला.

रानवाट

शनिवारी उघडलं. जे दिसलं ते सविस्तर लिहितो.

गॅस सोडताना शिट्टीसारखा बारीकसा आवाज आला आणि दोन सेकंदात संपला. भरलेला शॉक इतक्यात रिकामा होत नाही. म्हणजे दाब आधीच गेला होता. तेल काढलं ते पातळ, राखाडी, आणि उजेडाकडे धरलं की त्यात चंदेरी झाक फिरते. बोटांत चोळलं तर कण लागत नाहीत, नुसती चमक चिकटते. बुशच्या आतला राखाडी थर एका बाजूला पूर्ण गेलाय आणि खालचं पितळी रंगाचं अस्तर उघडं पडलंय. समोरच्या बाजूला मात्र अजून नव्यासारखा. दादा, तुम्ही म्हणालात तसंच. लिंकेजच्या चारातले दोन बेअरिंग हाताने हलत नव्हते. एकाचे रोलर बाहेर काढताना तुटून तांबड्या पिठासारखे पडले.

आधीच्या कामात काय काय राहिलं होतं ते आता कळतंय. बुश बदललाच नव्हता. ब्लॅडरवर देठाजवळ तडा आहे, तोही तसाच बसवला होता. दोनदा सीलचे पैसे दिले आणि ज्याच्यामुळे सील जात होतं तिकडे कुणाचा हात पोचला नाही. वाईट वाटलं. गाडीचं वाटलंच, पण त्या माणसावर टाकलेल्या विश्वासाचं जास्त.

आता शाफ्ट रबाळ्याला पाठवायचा. उद्या ठाणे-वाशी लोकलने स्वतःच घेऊन जातो. सील हेड सेट, बुश, पिस्टन बँड आणि ब्लॅडर बाहेरून मागवले. लिंकेजचे बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला मापावर मिळाले, क्रमांक बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला होता.

ऐरोलीची सुमेधा

एक विनंती. जुनं तेल आणि धुतलेलं रॉकेल कृपया नाल्यात किंवा मोरीत ओतू नका. आपल्याकडचे बरेचसे नाले खाडीलाच मिळतात. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि मी दर हिवाळ्यात तिथे जाते. जवळच्या गॅरेजकडे जुन्या इंजिन ऑइलचं पिंप असतं, त्यात द्या. ते पुनर्प्रक्रियेला जातं.

रानवाट

ताई, पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय. सोमवारी गॅरेजला देतो.

नेरुळचा इम्पल्स

नायट्रोजनच का? टायरवाल्याकडे नायट्रोजन भरून मिळतो. आणि साधी हवा का नको? हवेतही बहुतेक नायट्रोजनच असतो ना?

वागळेतला टर्नर

टायरवाल्याच्या मशीनचा दाब टायरपुरताच. इथे ९८१ किलोपास्कल लागतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, १४२ पीएसआय. साधी हवा भरली तर शॉक त्याच क्षणी वेगळा वागेल असं नाही. त्रास असतो तो हवेतल्या वाफेचा. आपल्याकडे पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीतून पाणीच येतं. शॉक तापला की ती वाफ दाब वाढवते, थंड झाला की पाणी होऊन आत बसतं. शिवाय प्राणवायू रबराला लवकर म्हातारं करतो.

तुर्भ्याचा जुना रेसर

नायट्रोजन एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळेल. पाइप गळतात का हे तपासायला त्यांच्याकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर असतोच, १५० पीएसआय त्यांना रोजचं. सिलिंडरमध्ये १५० बारच्या घरात दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय नळी लावायची नाही. आणि कुणीही, कधीही, वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

आत गॅस कशासाठी, तेही सांगतो. पिस्टन वेगाने जातो तेव्हा त्याच्या मागे तेलाचा दाब इतका कमी होतो की तेलात बुडबुडे होतात. बुडबुड्यांना शिमा अडवू शकत नाहीत. गॅस तेलाला सतत दाबून ठेवतो, म्हणून बुडबुडे होत नाहीत. तुझा रिबाउंड स्क्रू फिरवून काही होत नव्हतं ते यामुळेच: तू फेसाला वेसण घालत होतास.

रानवाट

तेल कुठलं घेऊ? दुकानात फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकचं, १० डब्ल्यू हातात ठेवलं.

घोडबंदरचा वारा

फोर्कचं नको, शॉकचं हलकं तेल घ्या. आणि डब्यावरच्या ५ डब्ल्यू-१० डब्ल्यूवर जाऊ नका, तो आकडा प्रत्येक कंपनीचा आपापला. ४० अंशांवर किती सेंटिस्टोक्स (तेलाच्या दाटपणाचं माप) तेवढं बघा आणि मॅन्युअलमधल्या तेलाच्या जवळचं निवडा.

रानवाट

शाफ्ट अकरा दिवसांनी आला. डायल लावला, काटा जेमतेम थरथरला. नख कुठेही अडकत नाही. खालच्या अर्ध्या भागावरून मी तीन वेळा नख फिरवलं आणि चौथ्यांदा नुसतं बरं वाटतं म्हणून फिरवलं.

काल तेल भरलं. दादांनी फोनवर सांगितलं तसं आधी रिझर्व्हॉयर वर करून भरला आणि ब्लॅडर तेलाखालीच बसवलं, चुरगळू न देता. मग बॉडी वाइसमध्ये, ॲल्युमिनियमचे जबडे लावून, सरळ उभी धरली. काठोकाठ तेल. पिस्टन तेलात बुडवला आणि अर्धा-अर्धा इंच वर-खाली, अगदी सावकाश. पहिल्या पाच मिनिटांत मोठे बुडबुडे आले, मग साबुदाण्याएवढे, मग मोहरीएवढे. लाकडी मुठीने बॉडीवर हलके ठोके दिले की लपलेले वर येतात. चाळीस मिनिटं गेली. शेवटी वर ओढताना हाताला जो विरोध लागतो तो एकसारखा झाला, मधे कुठेही हात मोकळा पडत नाही. मगच सील हेड तेलाखाली दाबून बसवलं. रात्री साडेअकराला आई विचारायला आली, अजून झालं नाही का.

गॅस अजून भरलेला नाही. सर्क्लिपबद्दल धास्ती वाटते.

तुर्भ्याचा जुना रेसर

वाटायलाच हवी. हिशोब कर. बॉडीचा आतला व्यास ४६ मिलिमीटर मोजला होतास, म्हणजे क्षेत्रफळ साधारण साडेसोळा चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो धरलं तर सील हेडला बाहेर ढकलणारा जोर १६५ किलोच्या आसपास. ते सगळं त्या एका तारेवर. म्हणून शाफ्ट बाहेर ओढून सील हेड सर्क्लिपवर टेकव, टॉर्च लावून पूर्ण वर्तुळ बघ, तार खोबणीत सगळीकडे सारखी बुडलेली हवी. मग आधी दोन किलो भर, थांब, परत बघ. मग दहा.

आणि भरून झाल्यावर साध्या गेजने तपासू नकोस. ब्लॅडरमधली जागा इतकी छोटी आहे की गेजच्या नळीत गेलेल्या गॅसनेच दाब उतरतो. व्हॉल्व्हची पिन आधी मोकळी करून मग नळी सुटेल असा चक (नळीचं तोंड) वापर.

रानवाट

भरला. दोन दिवस वर्तमानपत्रावर उभा ठेवला, कागद कोरडा. लिंकेज ग्रीस भरून जोडलं, मॅन्युअलच्या टॉर्कवर.

आज मुरबाडला नेली. आधी सॅग, म्हणजे वजनाने मागची बाजू किती बसते ते, मोजला. चाक हवेत असताना मागच्या ॲक्सलपासून फेंडरवरच्या खुणेपर्यंत ६१० मिलिमीटर. मी पूर्ण गिअर घालून बसल्यावर ५०८. म्हणजे १०२, हवा तसा. गाडी नुसती स्वतःच्या वजनावर उभी असताना ५९२, म्हणजे फक्त १८. हे कमी वाटतंय, ३० ते ४० हवे ना?

चालवण्याबद्दल सांगायचं तर, तोच माळ, तेच सहा उंचवटे. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत मागचं चाक जमिनीला धरून होतं. रिबाउंडचे दोन क्लिक फिरवले तर फरक लगेच कळला. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच असं झालं. उतरल्यावर शाफ्ट पांढऱ्या फडक्याने पुसला, फडक्यावर तेल नाही, फक्त धूळ.

घोडबंदरचा वारा

अभिनंदन! १८ मात्र खरंच कमी आहे. तुमच्या वजनाने १०२ आणण्यासाठी तुम्हाला स्प्रिंग खूप आवळावी लागली, म्हणून गाडी एकटी असताना ती जवळजवळ दबतच नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण याचा अर्थ स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. एक पायरी कडक घ्या, म्हणजे मिलिमीटरमागे ०.२ किलो जास्त. मग कमी आवळून १०० येतील आणि एकटीचे ३०-३५. गिअर घालून वजन किती तुमचं?

रानवाट

चौऱ्याण्णव.

तुर्भ्याचा जुना रेसर

मग नक्कीच. माझ्याकडे त्याच वर्षाची एक कडक स्प्रिंग पडून आहे, माझी वायझेड विकली तेव्हा काढून ठेवलेली. रविवारी सकाळी ये, लावून मोजू. येताना बंप रबर सोडवून आण, त्याच्या आत ग्रीसचा पातळ हात देऊन ठेवू. पावसाळ्यात माती तिथेच बसते.

रानवाट

दादा, आठ वाजता पोचतो. गाडीच घेऊन येतो, टेम्पो सांगून ठेवलाय.